टोपलीआधी खोकं दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

रिकाम्या टोपल्या, खोकी आणि रिबिनी घाऊक विकणाऱ्याला आभाराचं पत्र सहसा कुणी लिहीत नाही. पण गिफ्ट हॅम्पर, म्हणजे भेटवस्तूंनी भरलेल्या सजवलेल्या टोपल्या, बनवणाऱ्या आम्ही सगळ्या तुमच्या ऋणात आहोत आणि ते चारचौघांत सांगायचं आहे. या कामात नव्यानं येणाऱ्यांनाही तुमचं शिकवणं कळावं.

पहिले आभार क्रम उलटा केल्याबद्दल. सुंदर टोपली आधी आणि तिच्या मापाचं खोकं शेवटी, असंच सगळे करतात. तुम्ही खोकं आधी ठरवायला लावलंत. कुरियरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त, त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात (हा आकडा आधी विचारून घ्यावा). ४० × ३० × ३५ चं खोकं ८.४ किलोचं धरलं जातं, आत सामान तीनच किलो असलं तरी. उंची २५ वर आणली की ६ किलो. म्हणूनच उंच दांड्याची महाग टोपली तुम्ही स्वतःचा नफा सोडून परत फळीवर ठेवायचात.

भरण्याचंही तसंच. नुसत्या कागदी कात्रणांवर सामान रचलं की प्रवासात कात्रणं दबतात, सामान खाली बसतं आणि वरचं वेष्टण सैल पडतं. तळाशी चुरगळलेला कागद घट्ट दाबायचा, त्यावर काठापासून तीन-चार सेंटिमीटर खाली पुठ्ठ्याचा खोटा तळ, आणि कात्रणं फक्त वर, दिसण्यापुरती. उंच वस्तू मागे, जड वस्तू मध्यावर, काचेच्या दोन बरण्या एकमेकींना कधीच टेकवायच्या नाहीत. लवंडणाऱ्या पाकिटाला मागून काडी चिकटवली की ते उभं राहतं.

गरम हवा सोडणाऱ्या हीट गनबद्दल तर किती आभार मानावेत! श्रिंक फिल्मला, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या वेष्टणाला, मागच्या बाजूनं टाचणीनं दोन-तीन भोकं, नाहीतर आतली हवा अडकून फुगा होतो. गरम करायला खालून सुरुवात, गन पंधरा-वीस सेंटिमीटर लांब आणि सतत हलती. एका जागी थांबली की फिल्मला भोक पडतं. चॉकलेट असलेल्या हॅम्परला मात्र गन लावायचीच नाही. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं, पुन्हा थिजताना वर पांढरट थर येतो आणि घेणाऱ्याला ती बुरशी वाटते. तिथं साधा सेलोफेनचा पारदर्शक कागद आणि रिबीन. कागदाची लांबी म्हणजे तळाची रुंदी, अधिक उंचीची दुप्पट, अधिक गाठीसाठी तीस सेंटिमीटर.

सुगंधी साबण आणि मेणबत्त्या चॉकलेट-बिस्किटांसोबत ठेवायच्या नाहीत, कारण स्निग्ध पदार्थ वास चटकन धरतात. वेताच्या टोपल्या प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या तर दमटपणानं बुरशी येते. दोन्ही गोष्टी तुम्ही दरवेळी बजावून सांगता.

मालाबद्दलचा तुमचा सल्ला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. पन्नास हॅम्पर, प्रत्येकात आठ वस्तू. एकच वस्तू वेळेवर आली नाही तर पन्नासही अडतात. म्हणून प्रत्येक वस्तूला त्याच मापाचा एक पर्याय आधीच ठरलेला, टोपल्या पन्नासऐवजी पंचावन्न, आणि ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. किंमत काढताना रिबीन, टेप, कार्ड, तुटफूट आणि बांधायला लागणारी मिनिटंही वहीत उतरतात, तीही तुमच्यामुळे.

या वेळी पाठवलेले बिनदांड्याच्या चौकोनी टोपल्यांचे नमुने मिळाले, त्यासाठीही आभार. ठरलेल्या खोक्यात ठेवून पाहिले; चारही बाजूंना बरोबर पाच सेंटिमीटर जागा राहते. पंचावन्न पाठवा.

तुमच्या,
हॅम्पर बांधणाऱ्या आम्ही सगळ्या