फ्युज शोधायचा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की पावसाच्या आत स्लॅब उरकायची सगळ्यांना घाई, आणि त्याच दिवसांत बूम पंप (ट्रकवर बसवलेला, लांब घडीच्या हाताने म्हणजे बूमने काँक्रीट वर पोचवणारा पंप) बंद पडले की साइटवर जो गोंधळ होतो त्यावर कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. माझा एक बूम पंप आहे, भाड्याने देतो, त्यामुळे खाली लिहिलेली चूक माझ्याच गाडीवरची आहे.

मोशीकडच्या एका साइटवर अर्धा स्लॅब झाला आणि पंप बंद. रिमोट मेला. ट्रकचं इंजिन चालू, लाइट लागतायत, हॉर्न वाजतोय. ऑपरेटरने केबिनमधली फ्युजपेटी उघडली आणि एकेक फ्युज काढून बघत बसला, चाळीस मिनिटं गेली, सगळे फ्युज चांगले. मागे तीन मिलर, म्हणजे काँक्रीट आणणाऱ्या गाड्या, उभे. आयएस ४९२६ या तयार काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे माल भरल्यापासून २ तासांत खाली व्हायला पाहिजे, इथे त्यातला बराच वेळ ट्रॅफिकमधेच गेलेला, त्यामुळे इंजिनिअर माझ्याकडे बघतोय आणि मी ऑपरेटरकडे.

गंमत अशी की फ्युज तिथे नव्हताच! केबिनमधली पेटी ट्रकची, पंपाची वेगळी. ट्रकच्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात, तिथून मेन फ्युजमधून सप्लाय मागे पंपाच्या कंट्रोल पेटीत जातो, ती बहुतेक गाड्यांवर पंपाच्या बाजूला चेसिसवर असते, आणि पंप, बूम, रिमोट यांचे फ्युज त्या पेटीत असतात. म्हणजे बघायच्या जागा तीन, बॅटरीजवळ, केबिनमधे आणि मागच्या पेटीत. ट्रकचं सगळं चालू आणि पंप तेवढा गप्प, तर आधी मागे जा राव. त्याच्याही आधी रिमोटची बॅटरी आणि लाल इमर्जन्सी बटणं बघा. रिमोटवर एक असतं, मशीनवर आणखी असतात, जाता येता कुणाचा तरी कोपर लागलेला असतो. हॉपरची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या टाकीची, जाळी नीट बसली नसेल तर तिच्या स्विचमुळेही बऱ्याच गाड्या पंप चालू देत नाहीत, ते तर हमखास विसरतात.

आमचा उडालेला फ्युज शेवटी मागच्या पेटीत सापडला, लाल रंगाचा १० अँपिअरचा. हेल्परने शहाणपणा केला, केबलमधली तांब्याची तार सोलून तिथे पिळून बसवली, पंप चालू झाला, सगळे खूश, मीही खूश. वीस मिनिटांनी जळका वास आला. बूमच्या जोडावर वायर घासून सोलली गेली होती, ती लोखंडाला लागत होती, फ्युज त्यासाठीच उडाला होता आणि आम्ही त्यालाच गप्प केलं. पाच-दहा रुपयांच्या फ्युजपायी आख्खं वायरिंग बदललं, काम थांबल्याने स्लॅबमधे जुन्या-नव्या काँक्रीटचा जॉइंट आला तो वेगळाच आणि त्या बिल्डरचं पुढचं काम गेलं ते गेलंच.

आता माझ्या गाडीवर नियम आहे. पेटी उघडायच्या आधी पंप बंद, पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला देणारा गिअर) बाहेर, बूमखाली माणूस नको. फ्युज नुसता डोळ्याने बघून चांगला म्हणायचा नाही, केसाएवढी चीर दिसत नाही. फ्युजच्या वर दोन छोटी टोकं उघडी असतात, चावी ऑन करून दोन्हीकडे टेस्ट लॅम्प लावायचा, दोन्हीकडे पेटला तर चांगला, एकीकडेच पेटला तर उडालेला. कुठेच पेटला नाही तर सप्लायच मागे येत नाही, मग बॅटरीकडे जायचं. मल्टीमीटर असेल तर चावी बंद करून, फ्युज बाहेर काढून कंटिन्यूटी, म्हणजे करंट आरपार जातो का ते, बघा. नवीन टाकताना तेवढ्याच अँपिअरचा, १० च्या जागी निळा १५ चा नाही की पिवळा २० चा नाही. आणि नवीनही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका, वायर शोधा, आधी बूमचे जोड आणि लाइटची कनेक्शनं बघा.

अजून एक, संध्याकाळी पंप धुताना पोरं प्रेशरचं पाणी थेट पेटीवर मारतात, झाकणाचं रबर गेलेलं असतं, मग आत हिरवं बुरशीसारखं धरतं आणि फ्युज चांगला असूनही करंट पुढे जात नाही. ह्याच्यात तर भलेभले वायरमन फसलेत.

माझी मागणी छोटी आहे. पेटीच्या झाकणाच्या आत कुठला फ्युज कशाचा याचा तक्ता असतो तो इंग्रजीत, तोही धुऊन धुऊन पुसलेला. ऑपरेटर कुणी बिहारचा, कुणी झारखंडचा, कुणी आपला बीडचा. पंप विकणाऱ्या कंपन्यांनी हा तक्ता मराठीत आणि हिंदीत, पाण्याने न जाणारा असा लावून द्यावा, आणि साइटवर गाडी आत घेताना सुपरवायझर विम्याचे कागद बघतो तसा हा तक्ता आणि सुट्या फ्युजची डबी पण बघावी. माझ्या गाडीतला तक्ता मी हाताने लिहून लॅमिनेट केलाय, अक्षर खराब आहे पण ऑपरेटरला वाचता येतं.

आपला,
एक बूम पंपवाला, मोशी