ठासणीच्या बंदुकीच्या केपांची दरवाढ आणि तुटवडा याबाबत तक्रार

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
विक्री व वितरण विभाग

विषय : पीक संरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुकीसाठी लागणाऱ्या ११ क्रमांकाच्या केपा वेळेवर न मिळणे, त्यांच्या दरात झालेली अवाजवी वाढ आणि त्यांच्यासोबत इतर माल घेण्याची घातली जाणारी अट.

महोदय,

मी उत्तर गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहणारा शेतकरी आहे. म्हादई अभयारण्याला लागून असलेल्या आमच्या गावात माझी काजूची बागायत आणि ओहोळाकाठी सुपारी, नारळ, केळी व मिरी यांचे कुळागर आहे. पिकाच्या राखणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेला एकनळी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या नावावर झाला असून, या बंदुकीला आम्ही पूर्वीपासून आपल्याच कंपनीच्या केपा, म्हणजे घोडा आदळताच पेटून नळीत ठासलेली बंदुकीची दारू पेटवणाऱ्या तांब्याच्या छोट्या टोप्या, वापरत आलो आहोत. त्यामुळे हे पत्र मी आपला माल नापसंत असलेला गिऱ्हाईक म्हणून लिहीत नाही. केप चांगली आहे, परंतु ती हंगामात मिळत नाही, आणि मिळते तेव्हा ज्या दराने व ज्या अटींवर मिळते ते मला मान्य नाही, एवढ्याचसाठी लिहीत आहे.

आमच्याकडे काजूचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होऊन मे महिन्यात संपतो. बोंडू पिकू लागला की माकडे टोळीने उतरतात, कुळागरात कोवळी शहाळी आणि केळीचे घड नासवतात, आणि रात्री गवेरेडे व रानडुकरे कुंपण मोडून आत येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची मला पूर्ण जाणीव आहे. आम्ही बंदुकीत छरे भरत नाही, केवळ दारूचा बार काढून जनावर हाकलतो, आणि तेवढ्यानेच बहुतेक वेळा काम भागते. फटाके वापरून पाहा असे आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर सुचवले, पण मार्च महिन्यात काजूच्या झाडाखाली वाळलेल्या पाल्याचा थर साचलेला असतो आणि फेकलेला फटाका नेमका त्याच पाल्यात पडतो. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादईच्या जंगलात लागलेल्या आगी आम्ही आमच्या अंगणातून पाहिल्या आहेत, त्यामुळे ही सूचना मी स्वीकारू शकत नाही. बंदूक मांगरासमोरच्या, म्हणजे बागेतील राखणीच्या खोपीसमोरच्या, झाडून साफ केलेल्या खळ्यात उभे राहून उडवता येते.

आता मूळ तक्रार. या वर्षी जानेवारीपासून मी आमच्या परवानाधारक विक्रेत्याकडे ११ क्रमांकाच्या केपांची मागणी नोंदवून ठेवली होती. काजूला मोहोर आला, बी धरली, बोंडू पिकू लागले, तरी माल आला नाही. विक्रेत्याचे म्हणणे असे की कंपनीकडून पुरवठाच होत नाही, आणि आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे की माल विक्रेत्यांकडे पाठवलेला आहे. या दोहोंपैकी खरे कोणते हे मला कळण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण कोणत्या महिन्यात कोणत्या जिल्ह्यात किती माल पाठवला हे आपण कोठेही जाहीर करत नाही.

अखेर जो थोडा माल आला त्याच्या डबीवरील दर गेल्या हंगामातील दराच्या दुपटीहून अधिक आहे. दोन्ही हंगामांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. हा वाढीव दर डबीवर छापलेला नसून मूळ छापील किमतीवर चिकटवलेल्या पट्टीवर आहे, आणि पट्टी सोलली असता खाली जुनी, कमी किंमत स्वच्छ वाचता येते. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार किंमत कमी करण्यासाठी पट्टी लावता येते आणि तीसुद्धा मूळ किंमत न झाकता. किंमत वाढवण्यासाठी तसे करता येत नाही. ही पट्टी आपल्या कारखान्यात लागली, वितरकाकडे लागली की दुकानात लागली, याचे उत्तर मला लेखी हवे आहे. डबीचे छायाचित्र सोबत आहे.

याहूनही मला खटकलेली गोष्ट म्हणजे केपांची डबी हवी असेल तर तिच्यासोबत बंदुकीच्या दारूचा मोठा डबा आणि नळी साफ करण्याचे साहित्य घ्यावेच लागेल, अशी घातलेली अट. दारू माझ्याकडे पुरेशी आहे. शिवाय परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती दारू घेता येते याची मर्यादा लिहिलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते, त्यामुळे नको असलेली दारू आता घेतली तर पावसाळ्यानंतर भात पोटरीला आल्यावर जेव्हा ती खरोखर लागेल तेव्हा माझी मर्यादा संपलेली असेल. एक वस्तू हवी असेल तर दुसरी घेतलीच पाहिजे ही अट, तसेच ठरलेल्या मुदतीपलीकडे पुरवठा लांबवून दर चढू देणे, या दोन्ही गोष्टींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा म्हटले आहे.

आपल्या प्रतिनिधींनी तुटवड्याचे कारण म्हणून 'जगभरच प्रायमर (काडतुसाच्या बुडात बसवलेली, आघाताने पेटणारी छोटी वाटी) मिळत नाहीत' असे सांगितले. या कारणाचा मी शांतपणे विचार केला, आणि ते मला पटत नाही. अमेरिकेत काडतुसे घरी हाताने भरणारे नेमबाज पुष्कळ आहेत. त्यांना २०२० पासून प्रायमरचा मोठा तुटवडा सोसावा लागला हे खरे आहे. महामारीच्या काळात तेथे बंदुका आणि काडतुसे यांची मागणी एकाएकी वाढली, त्याच वर्षी रेमिंग्टनसारखी बंदुका-काडतुसे बनवणारी जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली, कारखान्यांनी तयार होणारे प्रायमर आधी स्वतःच्या काडतुसांसाठी वापरले, आणि साधारण तीस-चाळीस डॉलरला मिळणारा हजार प्रायमरचा डबा ऐंशी-शंभर डॉलरपर्यंत गेला. पण तो तुटवडा तेथील बाजाराचा होता. आपली केप आपल्याच देशात तयार होते असे आपल्या डबीवर छापलेले आहे. काडतुसाच्या प्रायमरमध्ये धातूच्या वाटीत स्फोटक मिश्रणासमोर आघात झेलणारी छोटी ऐरणही बसवावी लागते, तर ठासणीच्या बंदुकीच्या केपेत ती नसते, कारण ते काम बंदुकीचे निपलच, म्हणजे केप जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळीच, करते. म्हणजे वस्तू त्याहून साधी आहे. तांबे महागले असेल, मिश्रणाचा कच्चा माल महागला असेल, तर तसे आकड्यांनिशी सांगावे, आम्ही शेतकरी आहोत, खताच्या आणि मजुरीच्या वाढत्या दरांचा हिशेब आम्हालाही करावा लागतो. परंतु परक्या देशातील टंचाईचे नाव पुढे करून येथील दर दुप्पट करणे योग्य नाही.

पर्याय म्हणून मला जे सुचवले गेले त्याबद्दल स्पष्टपणे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण त्यातून एखाद्याचा डोळा जाऊ शकतो. ११ क्रमांकाऐवजी मोठ्या मापाची केप घ्या आणि ती बोटाने चेपून निपलवर बसवा, असे दुकानात सांगण्यात आले. केपेतील मिश्रण दाबाने आणि आघाताने पेट घेते, आणि हे विकणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. सैल केप नळी खाली झुकवताच गळून पडते, आणि पडली नाही तरी घोडा आदळल्यावर तांब्याचे तुकडे व ज्वाळा बाजूने चेहऱ्याकडे उडतात. निपल बदलून त्यावर छऱ्याच्या काडतुसाचा प्रायमर बसवा, हा दुसरा सल्लाही मी नाकारला, कारण परवान्यावर नोंदलेल्या बंदुकीत असा बदल परस्पर करून घेण्याची माझी तयारी नाही. आपल्या मालाचे माप आपणच ठरवता आणि त्या मापावर आमच्या बंदुका चालतात, तेव्हा ते माप अचानक बाजारातून नाहीसे झाल्यास विक्रेत्यांनी कोणते सल्ले देऊ नयेत, याची लेखी सूचना कंपनीकडूनच गेली पाहिजे.

साखर वाळपईच्या दुकानात मिळाली नाही तर माणूस डिचोलीला जातो. केपेचे तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात, त्यामुळे केप परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. ती टपालाने मागवता येत नाही, शेजाऱ्याकडून उसनी घेता येत नाही, घरी तयार करण्याचा तर प्रश्नच येत नाही. माझ्या परवान्याचे क्षेत्र गोव्यापुरते असल्याने दोडामार्ग किंवा बेळगाव जवळ असूनही मला उपयोगाचे नाही. हे सर्व निर्बंध योग्य आहेत आणि मी ते आनंदाने पाळतो. पण ज्या वस्तूसाठी कायद्याने गिऱ्हाइकाला एकाच दाराशी उभे केले आहे, तिचा उत्पादक इतर कोणत्याही मालाच्या उत्पादकापेक्षा अधिक जबाबदार असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि २०२४ मध्ये गोव्यातील लोकसभेचे मतदान ७ मे रोजी, म्हणजे काजूचा हंगाम संपत असताना झाले. तो हंगाम आमचा राखणीविना गेला. बंदूक हाती असलेला हंगाम तरी केपेअभावी वाया जाऊ नये.

आमच्या भागात असे परवानाधारक पुष्कळ आहेत, बहुतेक वयस्क आहेत, आणि त्यांपैकी अनेकांना पत्र लिहिणे जमत नाही. रात्रभर डबा बडवत मांगरात बसणारी ही माणसे आहेत. पहाटे उठून बोंडू वेचायला गेल्यावर झाडाखाली अर्धवट खाल्लेल्या बोंडूंचा सडा दिसतो तेव्हा हंगामाचे हुर्राक (बोंडूच्या रसाचे पहिल्या धारेचे मद्य) आणि बियांचे पैसे दोन्ही गेलेले असतात. पुढे येणारे भाताचे पीक हे घरच्या वर्षभराच्या तांदळाचे असते. आपल्या विक्रीच्या वहीत गोव्यातील केपांची मागणी फार लहान आकडा असेल, याची मला कल्पना आहे, पण त्या लहान आकड्यावर येथील कुटुंबांचे वर्ष अवलंबून आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत की, ११ क्रमांकाच्या केपा या महिनाअखेरपर्यंत उत्तर गोव्यातील परवानाधारक विक्रेत्यांकडे पोहोचाव्यात. मूळ छापील किमतीपेक्षा माझ्याकडून जास्त घेतलेली रक्कम परत मिळावी आणि सक्तीने दिलेले साफसफाईचे साहित्य परत घ्यावे. दारूचा डबा मी उघडलेला नाही, तो विक्रेत्यामार्फत परवान्यावरील नोंद रीतसर दुरुस्त करून परत घेतला जावा. यापुढे काजूच्या हंगामासाठी डिसेंबरअखेर आणि भाताच्या राखणीसाठी ऑगस्टअखेर माल पाठवला जावा, आणि पाठवलेल्या मालाची संख्या व दर विक्रेत्याच्या दुकानात फलकावर लावण्याची व्यवस्था व्हावी. पावसाळ्यात आमच्याकडील हवेत केप लवकर सर्द होते, म्हणून डबीवर उत्पादनाचा महिना व वर्ष ठळक असावे आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल पाठवू नये, हीदेखील विनंती आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन, किमतीच्या पट्टीबाबत वैध मापनशास्त्र कार्यालयाकडे अर्ज करीन आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. या पत्राची प्रत माहितीसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना विभागाला देत आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
परवानाधारक शेतकरी,
सत्तरी, उत्तर गोवा

सोबत : दोन्ही हंगामांच्या पावत्यांच्या प्रती, किमतीची पट्टी लावलेल्या डबीचे छायाचित्र, परवान्यावरील खरेदी नोंदीच्या पानाची प्रत.