सूचना : ताईंच्या विश्रांतीबाबत

सर्व सदस्यांना नमस्कार.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर ताई रुग्णालयातून घरी आल्या आहेत, तब्येतीला हळूहळू उतार पडतोय. पण बायपासनंतर छातीचं हाड सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, कधी त्याहून जास्तही. सध्या खोकला आला तरी त्यांना उशी छातीशी घट्ट धरावी लागते. अशात कुणी हात हातात घेऊन जोरात हलवला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून कळकळीची विनंती : भेटायला जाऊ नका. "पाचच मिनिटं" म्हणून गेलेला कार्यकर्ता किती वेळ बसतो, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे! शिवाय माणसांच्या गर्दीत सर्दी-तापाचा संसर्ग व्हायची भीती असतेच. पुष्पगुच्छही नकोत. थेट फोनही करू नका, शुभेच्छा इथेच लिहा. त्या एकत्र करून ताईंना वाचून दाखवू.

कामं थांबलेली नाहीत. निवेदनं, शिफारसपत्रं कार्यालयात द्या, स्वीय सहायक नोंद करून पुढे पाठवतात. बैठका उपाध्यक्ष घेतील. २००० साली पंतप्रधान असताना वाजपेयींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा देशाचा कारभार चालला. मग आपल्या बैठका का अडाव्यात?

प्रकृतीबद्दलची माहिती फक्त कार्यालयाकडून येईल. इकडून तिकडून आलेले मेसेज पुढे ढकलू नका. रुग्णालयातला कुणी काढलेला फोटो तर मुळीच नको. असेल तर आत्ताच डिलीट करा.