ठेका धरून ठेवणाऱ्या दादांचे आभार

अक्का जाऊन वर्ष झालं. स्तनाच्या कर्करोगानं गेली. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिनं सात महिने कुणाला सांगितलंच नाही. वर्षश्राद्धाला अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावात भजन ठेवलं, आणि मधल्या वेळात बायांना या आजाराची माहिती द्यायची असं ठरवलं.

ऐन वेळी पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली. मारुतीच्या पारावर माणसं येऊन बसलेली. शेजारच्या गावचे एक दादा, लेकीला भेटायला आलेले, काही न बोलता उठले. मोटारसायकलवर घरी जाऊन स्वतःचा पखवाज घेऊन आले. आमच्या घरातून कणीक मागवली, धुमेला म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावली, हातोडीनं वादीखालचे लाकडी गट्टे ठोकून पेटीच्या सुरात मिळवला.

तिसऱ्या अभंगाला माझा गळा दाटला. अक्काचा आवडता होता तो. ओळ अर्ध्यातच राहिली. दादा थांबले नाहीत. हलक्या हातानं तोच ठेका वाजवत राहिले, माझ्याकडं बघितलंही नाही. किती आवर्तनं गेली कोण जाणे. मी पुन्हा सूर धरला तेव्हाच त्यांनी हात मोकळा सोडला.

आणि आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या ताई, तुम्हीसुद्धा. बायांना देवळामागं वेगळं बसवून, न दुखणारी गाठही दाखवायची, स्तनाग्रातून रक्त आलं, कातडी ओढली गेली तरी लगेच दाखवायचं, हे आपल्या बोलीत सांगितलंत. त्याच आठवड्यात दोघी तपासायला गेल्या.

दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं. धुमेची कणीक वाळायच्या आत निघालात, चहासुद्धा घेतला नाहीत. पुढच्या वर्षी या.