अंडी आली आहेत, आता पिल्लं वाढवायला हात हवेत

सस्नेह नमस्कार.

आपल्या सॅलॅमँडर संवर्धन गटाकडे अ‍ॅक्सोलॉटलच्या दोन माद्यांनी अंडी घातली आहेत. सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, आणि अ‍ॅक्सोलॉटल हा त्यातलाच, आयुष्यभर पाण्यात राहणारा. पाणवनस्पतींच्या पानांवर, दगडांच्या खाचांत, फिल्टरच्या नळीवर, दिसेल तिथे अंडी चिकटलेली आहेत. अ‍ॅक्सोलॉटलची मादी एका वेळी शंभरापासून थेट हजारापर्यंत अंडी देऊ शकते. आमच्या मोजक्या कार्यकर्त्यांना एवढा पसारा पेलणार नाही, म्हणून आपल्याकडे मदत मागत आहोत.

अंडी मिळवणं त्या मानाने सोपं असतं. निरोगी जोडी, थंड आणि स्वच्छ पाणी, पाण्याच्या तापमानात थोडा बदल, एवढं जुळून आलं की नर टाकीच्या तळाशी शुक्राणूंच्या जेलीसारख्या गाठी ठेवत जातो, मादी त्या आपल्या शरीरात उचलून घेते आणि थोड्याच काळात अंडी घालू लागते. खरी कसोटी पुढच्या तीन महिन्यांची. पैदास फसते ती बहुतेक वेळा इथेच.

सध्या प्रत्येक अंड्यात जेलीच्या गोळीत एक काळसर ठिपका दिसतो. काही दिवसांत तो लांबट होईल, मग वाकून त्याला शेपूट फुटेल, आणि भिंगातून पाहिलं तर कल्ल्यांचे कोंब आणि हृदयाची धडधडही दिसेल. जी अंडी पांढुरकी पडतात ती फळलेली नसतात. त्यांच्यावर बुरशीची लव धरते आणि ती शेजारच्या अंड्यांना लागू शकते, म्हणून ती रोज वेचून बाजूला काढावी लागतात. पाणी 18 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास राहिलं तर साधारण दोन ते तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतील.

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू अंगातल्या बलकावर निभावतं. नंतर त्याला खायला लागतं, आणि ते जिवंतच लागतं, कारण त्या वयात ते हलणाऱ्या भक्ष्यावरच झडप घालतं. कोरडं खाद्य टाकलं तर ते तसंच पडून सडतं आणि पिल्लू मात्र उपाशी राहतं. त्यासाठी आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची अंडी मिठाच्या पाण्यात, हवेचा पंप लावून, रोज नव्याने उबवायची. साधारण एका दिवसात केशरी रंगाचे इवलेसे जीव पोहू लागतात. ते गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना घालायचे. पिल्लांची कातडी पारदर्शक असते, त्यामुळे पोट केशरी दिसलं की ओळखायचं, याचं जेवण झालं. ज्याचं पोट रिकामं दिसेल त्याच्याकडे वेगळं लक्ष द्यायचं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरतो, आणि मेलेला आर्टेमिया पाणी नासवतो. म्हणून उरलेलं सगळं पिपेटने काढायचं, पाणी बदलायचं, नवीन पाण्यातलं क्लोरीन आधी घालवायचं. हे रोज, कधी दिवसातून दोनदा. या कामाला सुट्टी नसते.

पुढचे पाय फुटू लागले की आणखी एक अडचण सुरू होते. भूक लागली की पिल्लं एकमेकांचे पाय, कल्ले, शेपटीचं टोक तोडतात. अ‍ॅक्सोलॉटलचा तुटलेला अवयव पुन्हा उगवतो हे खरं, पण लहान वयात तेवढ्या जखमेनेही पिल्लू दगावू शकतं. त्यामुळे आकारानुसार त्यांना वेगळं करत राहावं लागतं, आणि एका टाकीच्या जागी दहा-दहा भांडी मांडावी लागतात.

म्हणून आम्हाला सर्वात आधी माणसं हवी आहेत. आठवड्यातली एक सकाळ किंवा एक संध्याकाळ ठरवून देणारी आणि त्या दिवशी न चुकता येणारी. अनुभव नसला तरी चालेल, आर्टेमिया उबवण्यापासून सगळं आम्ही शिकवू. फक्त हात ओले करायची तयारी हवी. विद्यार्थी आले तर विशेष आनंद होईल, एका अंड्यातून पूर्ण प्राणी घडताना रोज पाहायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

वस्तूही लागतील. झाकणाची प्लास्टिकची भांडी, जुन्या पण न गळणाऱ्या टाक्या, हवेचे पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे संच. साबण किंवा रसायन लागलेलं भांडं कृपया देऊ नका. पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरसाठी आणि आर्टेमियाच्या अंड्यांसाठी मात्र पैसेच लागतात. देणगी लहान असली तरी उपयोगी पडेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हंगाम संपला की जमाखर्च सगळ्यांसमोर ठेवला जाईल.

वाढवता येतील तेवढीच अंडी आम्ही ठेवणार आहोत. म्हणून पिल्लांना पुढे घर देऊ इच्छिणाऱ्यांनी आत्ताच नाव द्यावं. नाव देण्याआधी नीट विचार करा. हा प्राणी वीत-सव्वा वीत वाढतो, दहा-पंधरा वर्षं जगतो, पाणी कोमट झालं की आजारी पडतो आणि हाताळलेलं त्याला मानवत नाही. मुलाच्या हट्टापायी घेणार असाल तर आम्ही नाही म्हणू.

हे सगळं कशासाठी, असं काही जण विचारतात. मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमध्ये 1998 साली दर चौरस किलोमीटरला सुमारे 6,000 अ‍ॅक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता. 2014 मध्ये तो 36 वर आला. जगभरातल्या टाक्यांमधले बरेचसे अ‍ॅक्सोलॉटल 1864 मध्ये पॅरिसला नेलेल्या थोड्याशा प्राण्यांचे वंशज मानले जातात. वंश इतका जवळचा असल्यामुळे आम्ही प्रत्येक जोडीची नोंदवही ठेवतो आणि यंदाच्या दोन्ही माद्या वेगवेगळ्या घराण्यांतल्या निवडल्या आहेत. आमची पिल्लं काही त्या कालव्यांत जाणार नाहीत, पण पिल्लं जगवण्याची ही विद्या इतर सॅलॅमँडरांच्याही कामी येते. मेक्सिकोतल्याच पात्झकुआरो सरोवरात आढळणारा आचोके हा सॅलॅमँडर तिथल्या मठातल्या जोगिणींनी टाक्यांमध्ये सांभाळला आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात 2011 साली ओझार्क हेलबेंडर या मोठ्या सॅलॅमँडरची पैदास पहिल्यांदा यशस्वी झाली आणि पुढे तिथे वाढवलेली हजारो पिल्लं नद्यांमध्ये सोडली गेली.

एक कळकळीची विनंती. पाळलेला कोणताही सॅलॅमँडर तळ्यात, ओढ्यात किंवा नदीत सोडू नका, त्याचं पाणीही तिथे ओतू नका. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी ओळखलेल्या एका कायट्रिड, म्हणजे उभयचरांच्या कातडीला लागणाऱ्या, बुरशीने नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर जवळपास संपवले, आणि ती बुरशी पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आशियातून तिथे पोचली असावी असं मानलं जातं. आमच्याकडे येणाऱ्या स्वयंसेवकांनाही याच कारणासाठी एका टाकीतलं जाळं दुसऱ्या टाकीत घालता येणार नाही. नवीन प्राणी आला तर आधी वेगळा ठेवला जाईल.

पिल्लं बाहेर यायला फार दिवस उरलेले नाहीत. त्याआधी पाळ्या ठरवायच्या आहेत. आपल्याला कोणता वार आणि कोणती वेळ जमेल ते केंद्रावर येऊन कार्यकर्त्यांना सांगा. वस्तू आणि देणगीही तिथेच स्वीकारली जाईल. येता आलं नाही तर ज्याच्याकडे एखादी रिकामी टाकी पडून आहे अशा ओळखीच्या माणसापर्यंत हे आवाहन पोचवा.

आपले,
सॅलॅमँडर संवर्धन गटाचे सर्व कार्यकर्ते