पोट्ट्याला वावरातल्या खोलीत कोंडू नको

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय मित्रा,
रामराम.

पुतण्याची दारू एका झटक्यात तोडून त्याला वावरातल्या खोलीत ठेवायचं म्हणतोस. तेवढं करू नको बावा. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत हात कापतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-चौथ्या दिवसादरम्यान माणूस बरळायला लागला, तर जीवावर बेततं. राज्य पातळीवरचा कबड्डीपटू म्हणून यातून सूट नाही. उलट ‘गडी दणकट आहे’ म्हणत घरचे उशीर करतात.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, तिथं ने. रोज किती, मोहाची की देशी, शेवटची कधी घेतली, आधी झटका आला होता का, हे कागदावर लिहून दे. गावात आधी सलाइन लावलंच, तर ग्लुकोजआधी थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व बी-१ ची, सुई द्यायला सांग. उपाशी पिणाऱ्याच्या मेंदूला त्याचीच कमतरता भोवते.

वहिनी वरणात कालवायला गोळी मागतील. दारू सोडवायची ती डायसल्फिराम गोळी चोरून द्यायची नसते. वरून दारू पडली की रक्तदाब कोसळतो.

गुडघ्यासाठी तो ट्रामाडॉल, म्हणजे अफूच्या जातीची दुखण्याची गोळी, घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्झोन सुरू करण्याआधी ट्रामाडॉल सात ते दहा दिवस बंद असावं लागतं, नाहीतर अंग मोडून येतं, उलट्या होतात. आणि १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात ट्रामाडॉल डोपिंगमध्येही धरतात.

दारू सुटली की झोप आणि उदासी लगेच सुधारत नाहीत. सामने संपल्यावरचा रिकामा काळ तर खेळाडूला जास्तच खातो. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स २०१४ मध्ये दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, पंचेचाळीस दिवस उपचार केंद्रात राहिला, मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णं जिंकला. पण जगायची इच्छा उरली नव्हती, हेही त्यानंच जाहीर सांगितलं. म्हणून पोट्ट्याला सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध आजच घरातून हलवून कुलपात ठेव, किल्ली शेजाऱ्याकडे दे. रात्री-बेरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेला १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

मैदान डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. आधी सकाळी अर्धा तास चालणं. प्रशिक्षकाला आधीच सांगून ठेव, बक्षिसाच्या रात्रीची पार्टी याच्यासाठी नाही. कापसाचे चुकारे त्याच्या हातात देऊ नको. पोळ्याच्या करीला गावात बाटल्या फिरतीलच, त्या दोन दिवसांसाठी त्याला इकडे पाठव.

तुझा मित्र