बाईंना परत पाठवू नका

पुणे

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर घरी मदतीला बाई ठेवायचा विषय काढला की आई फोन बाबांच्या हातात देते आणि बाबा ‘आवाज येत नाही’ म्हणून ठेवून देतात. म्हणून पत्र लिहितेय. हे कानाचं मशीन न लावताही वाचता येतं.

मी पाठवलेल्या बाईंना तुम्ही दारातूनच परत पाठवलंत, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. आई न्हाणीघरात घसरली होती, तेही त्यांच्याकडूनच कळलं. आई, तू काय म्हणाली असशील ते मी इथे बसून सांगते. ‘अजून हातपाय चालतायत, पोरीला कशाला भुर्दंड?’ प्रीती स्वार्थ पाहत नाही, हे बायबलमधलं वचन बाबांनी आमच्याकडून पाठ करून घेतलं. तू ते कधी म्हणून दाखवलं नाहीस, आजीचं करताना आम्ही ते बघितलं. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. पाठीवर कुठे लाल चट्टा उठलाय का ते कंदिलासारखी बॅटरी धरून बघायचीस. टाचांखाली जुन्या लुगड्याच्या घड्या असायच्या. इतके महिने अंथरुणात काढून आजीच्या पाठीला एक जखम झाली नाही. वॉर्डात शिकाऊ मुलींना हे काम दाखवताना मी तुझंच शिकवते.

पण त्यातली आजीची बाजू कुणी सांगत नाही. सुरुवातीला ती तुला हात लावू देत नव्हती. सुनेनं आपलं सगळं काढायचं म्हणून तोंड भिंतीकडे करून रडायची, वर तुलाच बोलायची. मग एके सकाळी तू ब्लाऊज घेऊन आलीस आणि तिनं आपणहून हात बाहीसाठी पुढे केला. तुझ्या सेवेइतकंच ते मला मोठं वाटतं. तिचा आयुष्यभराचा ताठा त्या हातातून उतरला होता.

बाबा, तुम्ही संडे स्कूलला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय घ्यायचात. प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. तुमचा सगळा भर असायचा शेवटावर, की तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावे. मधल्या पेत्रावरून मात्र तुम्ही भराभर पुढे जायचात. ‘माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ म्हणणारा पेत्र. किती नम्र वाटतं ऐकायला! आणि त्यालाच प्रभू बजावतो की मी तुला धुतलं नाही, तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. इतकं कडक बोलणं त्या जेवणात धुवून घ्यायला नकार देणाऱ्याच्या वाट्याला आलं. रागावू नका, पण ‘आम्हाला कुणाचं काही नको’ यात थोडा पेत्र आहेच.

तुम्ही आम्हाला दौंडला गाडी बदलून केडगावला न्यायचात. (आपल्या नगरचं केडगाव नव्हे, हे दर वेळी कुणाला तरी सांगावं लागायचं.) मुक्ती मिशनच्या आवारात उभं राहून तुम्ही सांगायचात, १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. ते खरंच. पण त्याआधी रमाबाईंनी स्वतः दुसऱ्यांकडून किती घेतलं, तेही बघा. दुष्काळातच आई-वडील गेलेले, पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८८३ साली पदरात लहानगी मनोरमा घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, शिकवलं. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहिलं. (बाबा, कानाच्या बाबतीत तुम्ही चांगल्या संगतीत आहात. मशीन लावा.) पुढे अमेरिकेतल्या लोकांनी बोस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ काढलं, दहा वर्षं मदत द्यायची हमी घेतली, आणि १८८९मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवांची निवासी शाळा उघडली. परक्यांकडून घेताना रमाबाईंनी मान खाली घातली नाही.

लंडनजवळ फुलमला वाट चुकलेल्या बायकांसाठी भगिनींनी चालवलेलं घर बघून रमाबाई चकित झाल्या. हे करायला कुठून शिकलात, असं विचारल्यावर त्यांना बायबलमधली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली गेली. ती गोष्ट कुठून सुरू होते, आठवा. प्रवासानं दमलेला येशू विहिरीवर बसलाय आणि त्या बाईला म्हणतो, ‘मला प्यायला पाणी दे.’ जिवंत पाण्याचं बोलणं नंतरचं. आधी त्यानं मागितलं, तेही जिच्या हातचं त्याच्या लोकांना चालत नव्हतं तिच्याकडे.

राहिला पैशांचा प्रश्न. बेथानी गावच्या मरीयेनं प्रभूच्या पायांना महागडं सुगंधी तेल लावलं, वर्षभराच्या मजुरीइतक्या किमतीचं, आणि त्यानं ते लावू दिलं. ‘कशाला हा खर्च?’ तिथे कोण म्हणालं, ते बाबांना विचार, आई. प्रभूला धरून देणाऱ्या त्या यहूदाच्या ओळीत तू बसू नयेस, एवढंच माझं म्हणणं.

पैसे घेऊन करतात ती कसली सेवा, असं बाबा म्हणतील. मीही पगार घेते, बाबा. रात्रपाळीत पेशंटचं तोंड पुसते तेव्हा पगाराचा हिशोब डोक्यात नसतो, आणि पगार नसता तर मी तिथे असते असंही नाही. बाईंनाही घर चालवायचंय.

तर आता असं. बाई गुरुवारपासून सकाळी येतील, अंघोळीच्या वेळेला. आईच्या पाठीला साबण त्याच लावतील, बाबा नाहीत. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याचे पैसे मी दिलेत, त्याच्याशी घासाघीस करू नका. चहा मात्र द्या. मी रजा मिळेल तशी येतेच आहे. आले की आईच्या गुडघ्याला तेल लावणार, तेव्हा पाय आखडून घ्यायचा नाही.

तुमची,
बेबी